बावन्नचे छप्पन

मार्चमध्ये परचुरे बाई गाडी घेऊन आल्या,
गुलटेकडीच्या उतारावरून, न्यूट्रलमध्ये.
पांढरी बलेनो, डिकीवाली, दोन हजार दोनची.
चावी टेबलावर ठेवली नाही, मुठीत ठेवली
आणि म्हणाल्या, "घाटात एसी चालू राहिला पाहिजे."

मी म्हटलं, गॅस भरू.

"गॅस आहे. गारही उत्तम होते.
हे घाट लागला की एसी बंद करायचे.
अठरा वर्षं. बोलता बोलता हात जायचा.
काचा खाली, ट्रकचा धूर आत,
वर पोचेपर्यंत माझा खोकला.
आता मी चालवते. बटणाला हात लावत नाही.
तरी जातो."

चिक्या हसला.
पण बाई खरं सांगत होत्या.
या इंजिनाला टर्बो नाही,
मागून हवा ढकलणारं कुणी नाही.
पिस्टन खाली सरकतो, पोकळी होते,
तिच्यात येईल तेवढी हवा आपली.
पाय तळाला टेकला की कॉम्प्यूटरला वाटतं,
हिच्या जिवावर आलंय,
आणि तो आधी एसी तोडतो.

हे सांगितल्यावर बाई
बॉनेटकडे बराच वेळ बघत राहिल्या.
"म्हणजे हे आत बसलेत."

फिल्टरच्या डब्यात पिंपळाची दोन पानं निघाली
आणि उंदरानं जमवलेला कापूस.
जुना पाईप रेडिएटरच्या मागची
तापलेली, उष्टी हवा ओढत होता.
मी हेडलाइटमागून नवा काढला,
ॲल्युमिनियमचा, एकच वळण.

थ्रॉटल बॉडी भोसरीला नेली, अल्ताफ तांबोळीकडे.
बावन्नचे छप्पन. बाजूला दोन-दोन मिली,
त्यापुढे भिंत कागद होते.
अल्ताफ लेथवर असताना बोलत नाही.
चकती पितळेची केली, आणि ती गोल नसते,
तिरकी मिटते म्हणून किंचित लांबट,
उजेडासमोर धरली तर कडेनं
केसाएवढी रेघ दिसावी, जास्त नाही.

बाईंना फोनवर स्पष्ट सांगितलं:
ताकद वाढणार नाही.
वाढलीच तर दोन घोडे, तेही तिकडे वर,
जिथं तुम्ही काटा कधी नेणार नाही.
"मग वाढतं काय?"
काही नाही. पाय कमी लागतो.
तेवढीच हवा, कमी दाबून.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
"करा," म्हणाल्या.

दोन दिवस आयडलिंग लागेना.
मार्केट यार्डच्या सिग्नलला गाडी उभ्या उभ्या
आठशे, चौदाशे, आठशे,
झोपेत कुणी कुशी बदलावी तशी.
स्क्रू पाव आटा. सेन्सर पुन्हा शून्यावर.
मग बसली.

कात्रजचा जुना घाट. दुपारचे दोन.
स्टिअरिंगवर बाई, मागे चिक्या.
तिसरा गिअर. नवा पाईप
घशातून खर्जात बोलत होता,
बाईंना तो आवाज पसंत नव्हता, चेहऱ्यावर दिसत होतं.
मी रस्ता बघत नव्हतो,
कॉम्प्रेसरच्या क्लचची 'टक्' ऐकायला
डॅशबोर्डला कान लावून होतो.
पहिलं वळण. दुसरं.
पुढे उसाची ट्रॉली, मागे टेम्पोचा हॉर्न.
पेडल पाऊण.
टक् नाही.
गार हवा बाईंच्या बांगड्यांवर येत राहिली.

बोगद्याच्या अलीकडे रस्ता मोकळा झाला
आणि बाईंनी कारण नसताना
पाय तळाला टेकवला.

टक्.

गरम वारा. एक सेकंद, दोन.
मी गप्प बसलो. चिक्यासुद्धा.
मग पाय हळूच वर आला,
आणि हवा परत गार झाली.

बिल त्यांनी चष्मा काढून, जवळ धरून वाचलं.
क्लॅम्प दोन लावलेत, तीन लिहिलेत.
खोडून दिलं.
"आणि जुना पाईप कुठंय?"
भंगारात टाकणार होतो म्हटलं.
"धुऊन द्या," म्हणाल्या, "डिकीत ठेवा."