हवा धरली

ढालेगावचा पूल ओलांडला
आणि चढाला गाडीनं दोन आचके दिले.
तिसऱ्याला गप्प.

अब्बा म्हणाले, "हवा धरली."
म्हणजे टाकी तळाला गेली,
नळीनं तेलाऐवजी वारा ओढला.
पाथरी मागं राहिली, माजलगाव पुढं,
रात्रीचे साडेनऊ.
आणि आम्ही मेकॅनिक कधी बोलावलाय?

चारशे सात आहे, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी.
मागं दोन चाकांची ट्रॉली, तिच्यावर पिंजायचं मशीन.
हौद्यात आम्ही राहतो
दिवाळीपासून पाडव्यापर्यंत.
भिंतीचा पत्रा जालन्याच्या भंगारातला, किलोवर घेतलेला.
खिडक्या मोडीत निघालेल्या एसटीच्या;
दोनातली एक अजून सरकते.
छताला निवडणुकीचं फ्लेक्स, दुहेरी.
पडलेला उमेदवार हात जोडून
रात्रभर आमच्या झोपेकडं बघतो.
"निदान पाणी तरी अडवलं यानं,"
अम्मी म्हणायची.
तिनं ऑइलच्या डब्यात लावलेला पुदिना
अजून फुटतो.

मागच्या फाळक्यावर अब्बांच्या हातचं अक्षर:
मौलाली नदाफ, मानवत. गादि भरून मिळेल.
एका गावच्या मास्तरांनी थांबवून सांगितलं,
"दि दीर्घ पाहिजे."
अब्बा म्हणाले, "गादी लांब पाहिजे, मास्तर.
अक्षर आखूड चालतंय."

कापसाचा तरास एकच, तो कुठंही जातो.
एअर फिल्टर उघडावा तर आत
कुणाच्या तरी जुन्या उशीचं धुकं.
दर जुम्म्याला झटकायचा,
वाऱ्याकडं पाठ करून.
विसरलं की धूर काळा,
आणि चढाला गाडी म्हाताऱ्यासारखी
गुडघ्यावर हात ठेवून उभी.

टाकीला बारीक चीर आहे. तिच्यावर कपड्याचा साबण
घासून घासून बसवलाय.
लोक हसतात.
तीन वर्षं झाली, थेंब नाही.

लहानपणी माझं काम बॅटरी धरायचं.
"नीट धर. माझ्या तोंडावर नको, नटावर."
मी सात वर्षांची.
बाभळीत काही खुडखुडलं की
उजेड तिकडं जायचा,
मग गाडीखालून दहाचा पाना सटकल्याचा आवाज,
आणि एक शिवी,
जी अम्मीनं ऐकली नाही असं ठरलेलं.

आता अब्बांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय,
उजवा लागलाय त्याच वाटेला.
गाडीखाली मी,
बॅटरी त्यांच्या हातात.
उजेड माझ्या कानावर, टायरवर, गवतावर,
नटाच्या वीतभर अलीकडं.
मी काही बोलत नाही.
नट बोटांना पाठ आहे.

कॅनमधलं पाच लिटर टाकीत ओतलंय,
अम्मीच्या ओढणीतून गाळून.
एअर स्क्रू दोन आटे सैल.
हातपंप दाबते. दाबते. अंगठा भरून येतो.
आधी फेस येतो, पांढरा,
पिंजून ठेवल्यासारखा.
मग बुडबुडे,
मग वाटतं झालं,
आणि पुन्हा एक, मोठा, ढेकरासारखा.

"आवळू का?"
"ठैर. हवा बोलतीय अजून."
मला काही ऐकू येत नाही.
रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, गाणं लावून;
तो लांब जाईपर्यंत दोघं गप्प.
"अजून दाब."
तेल मनगटावरून कोपराला आलं, गार.
"आता आवळ."
उजेड नव्हताच तिथं.
मी चाचपलं: धार सलग होती,
बोटभर जाड,
मधे कुठंच तुटत नव्हती.

वर येऊन चावी फिरवली.
एकदा. दुसऱ्यांदा.
तिसऱ्यांदा गाडी खोकली, धूर सोडला,
पातेली वाजली,
छतावरचा उमेदवार थरथरला.

माजलगावात उद्या अकरा गाद्या आहेत,
एक लग्नाची, लाल खोळीची.

"बसा, अब्बा," मी केबिनमधून हाक मारली.
इंजिनाच्या आवाजात त्यांना गेली नसावी.
आरशात दिसले:
वाकून, गाडीखाली, मी होते त्या जागेवर
बॅटरी धरून उभे.
आता अगदी नटावर.