पिठल्याचा दाखला

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, बजाजनगरात
देवपुजारी बाईंचा कूलर मी दरवर्षी उघडतो.
जुन्या ताट्या काढतो. खाऱ्या पाण्याचा
पांढरा थर त्यांच्यावर चढलेला असतो,
पंपाजवळ एखादी मेलेली पाल.
आणि कुत्रं येऊन बसते टाकीला नाक लावून,
जसं काही मी त्याच्यासाठीच आलो.

पिवळं, जाडं, साडेअकरा वर्षांचं.
नाव पिठलं.

बाई भूगोल शिकवायच्या. अजूनही
कोणी समोर सापडलं की नकाशा उघडतात.
"हे बघ गुणवंता, हे लॅब्राडॉर.
आणि पिठल्याचे पूर्वज इथले नाहीतच.
ते ह्या खालच्या बेटावरचे, न्यूफाउंडलंडचे.
नाव शेजाऱ्याचं चिकटलं."

मी म्हटलं, होते बाई असं.

थंडगार समुद्र होता म्हणे, आणि कॉड मासे.
गळातून निसटला मासा की कुत्रं मारायचं उडी;
दोराचं टोक तोंडात धरून पोहत यायचं.
काळं असायचं, छातीवर पांढरा डाग,
बोटांच्या मधात कातडी, केस तेलकट, पाणी न धरणारे.
त्याच्या मायबापाचं नाव कोणी लिहिलं नाही.
कोळ्यांचं कुत्रं. कोण लिहिते?

मग मासळीच्या जहाजातून ते इंग्लंडात उतरलं.
तिथल्या जमीनदारांनी त्याला
गोळी लागून पडलेली बदकं आणायला शिकवलं,
आणि वही केली.
वहीत आलं ते जातिवंत झालं.
बेटावर राहिलं त्याच्यावर कर बसला,
मेंढ्या वाचवायचा कायदा आला,
आणि शेवटी दोनच उरले.
दोघंही नर. दोघंही म्हातारे.

"आणि पिवळी पिल्लं?" मी विचारलं.
बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.
"सुरुवातीला काळीच हवी असायची रे.
पिवळी बहुतेक ठेवत नसत."

पिठलं तेव्हा माझी चप्पल चाटून राहिलं होतं.

बाईंनी कपाटातून त्याचा कागद काढला.
चार पिढ्या, वर सोनेरी शिक्का.
मी हात पँटला पुसून धरला.
आजा, आजी, पणजा, पणज्याचा बाप,
एकेकाचं नाव जहागीरदारासारखं.

माझ्या आज्याचा माग पाचपावलीत होता.
करवती काठाची लुगडी विणायचा.
खटखट थांबली तेव्हा मी सहावीत होतो;
पहिले काही दिवस घरात झोपच नाही आली कोणाले.
आता पोरीच्या दाखल्यासाठी साहेब म्हणतात,
आज्याच्या शाळेचा कागद आणा.
आजा शाळेत गेलाच नाही, मागावर बसला.
फाइल तीन वर्षांपासून पडताळणीत आहे.

हे बाईंना सांगितलं नाही. एवढंच विचारलं,
"खरा असन का हो हा?"
बाई हसल्या. "विकणाऱ्यानं जरीपटक्यात बसून
स्वतःच लिहिला असेल. मला काय ठाऊक."

नवीन ताट्या बसवल्या. पंप लावताना
नळी हातातून सुटली, टाकीत बुडाली.
मी वाकायच्या आधी पिठलं वाकलं.
म्हातारं, कंबरेत धरलेलं, दोन पाय पाण्यात,
डोकं कानापर्यंत आत. पंजा फाकला
तेव्हा मला बोटांमधली ती कातडी दिसली.
वर आलं नळीचं टोक घेऊन,
माझ्या हातात दिलं. दाताची खूण नाही.

कोणी शिकवलं असन? बजाजनगरात?

नळी जुनीच होती, मधात फाटलेली.
दोन तुकडे जोडून मी सुतळीनं गाठ मारली, ओढून पाहिली.
बाई जवळ येऊन बघत होत्या.
"ही कुठली रे गाठ? बारीक बसली."
मी म्हटलं, माहीत नाही बाई.
घरची आहे.

बटण दाबलं. ताट्यांतून ओल्या लाकडाचा वास सुटला.
बाहेर चव्वेचाळीस.
पिठलं हवेसमोर आडवं झालं
आणि झोपेत पाय हलवू लागलं,
चालत नव्हतं ते, पोहत होतं.