खारी

द्राक्षाच्या खोक्यात निजवलंय तिला.
पुठ्ठ्यावर घडाचं चित्र, खाली हिरव्या अक्षरांत
‘निर्यातीसाठी’.
आत एक किलो चारशे ग्रॅम.

सोमवारी अठराशे होती.
भाजीवाल्या सुमनबाईंच्या काट्यावर मोजली होती तेव्हा,
हसत, दुसऱ्या पारड्यात वांगी टाकून.
काल जाऊन तो काटा पुसून आलो.

त्र्यंबक रोडच्या दवाखान्यात
खैरनार डॉक्टरांनी पट्टीवरच्या दोन रेघा दाखवल्या
आणि मी नि हेमांगीने एकदमच मान खाली घातली.
दोन रेघा काय असतात
ते त्या वर्षी शिकून झालंय आमचं.
पार्वो, ते म्हणाले.
माणसाला होत नाही.
माणूस नेतो मात्र,
चपलेला, पँटच्या दुमडीला.

मी रोज रात्री गल्लीतल्या कुत्र्यांना पोळ्या टाकतो.
टाकायचो.

घराचे दोन भाग झाले.
मोरीशेजारची खोली तिची आणि माझी.
बाकीचं सिडकोचं घर, म्हणजे दीड खोली, बाकीच्यांचं.
उंबऱ्यावर ब्लीचमध्ये भिजवलेलं गोणपाट.
बुधवारच्या बाजारातून, गंगेवरून आणलेले टॉवेल,
वीसला एक,
वापरायचे आणि जाळायचे.
वासाचं काय सांगू?
गंजलेलं लोखंड, आणि त्यावर काहीतरी गोडसर.
अंबडला लेथवर उभा असतो
तर कूलंटमधूनही तोच येतो.

भिशीचा नंबर हेमांगीने या महिन्यात मागून घेतला.
बायकांनी कारण विचारलं तर
‘घरात आजारपण’ एवढंच म्हणाली.
खोटं नव्हतं.

रात्री सलाईनची बाटली काखेत धरून कोमट करतो.
निफाडला पारा पाचाखाली गेलाय म्हणतात.
शीर दोऱ्याएवढी, डॉक्टरांना तिसऱ्या खेपेला सापडली.
पट्टी गुंडाळलेला पाय
ती बाजूला ठेवते, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
थेंब मोजतो. मिनिटाला आठ.
नऊ पडले की चाक आवळतो, सात पडले की सैल.
वीस वर्षं मायक्रोमीटर हातात आहे,
इतकं बारीक काम कधी केलं नव्हतं.

दाराबाहेर ऋतजा.
आत यायला बंदी, म्हणून फटीला तोंड लावून
पाढे म्हणते.
‘गोष्टीने झोप येते बाबा. पाढ्याने जागी राहील.’
जागं ठेवायचं असतं
हे हिला कुणी सांगितलं?
सतरा सक बेदोनासे.
सतरा सत्ते…
सतरा सत्ते…
मी आतून सांगत नाही.
खरं तर मलाही आठवत नाही.
खोक्यात एक कान हलतो.
फटीतून वाराही येतो म्हणा.

चौथ्या रात्री तीन वाजले
आणि उलटी झाली नाही.
चार वाजले. नाही झाली.
घडलं ते इतकंच.
कंपनीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावं असं वाटलं,
पण पेन बाकीच्यांच्या घरात होतं.

डोळा लागला असावा.
उजाडल्यावर बघतो
तर खोक्याचा कोपरा ओला, कुरतडलेला.
चित्रातल्या घडाचे दोन मणी गायब.

हेमांगीला हाक मारली
ती इतक्या मोठ्याने की शेजारच्या बागुलांचा दिवा लागला.
फटीबाहेरून झोपाळू आवाज आला,
‘एकोणीसासे!’
‘बघून म्हणालीस ना?’
‘हो.’

बरी झाली असं मी म्हणत नाही.
डॉक्टरही म्हणत नाहीत. पाचवा दिवस जाऊ द्या, म्हणतात.
आणि हे विष मातीत वर्षभर राहतं, तेही म्हणतात.
गल्लीतला म्हातारा सुभेदार
रोज रात्री आमच्या फाटकापर्यंत येतो,
शेपूट हलवत उभा राहतो,
मी गच्चीवरून ‘हाड’ म्हणतो.
त्याला ते कळत नाही.
पोळ्या आता बागुलांचा मुलगा टाकतो,
लांब, डीपीपाशी.

चपला तीन दिवस ब्लीचमध्ये होत्या.
तपकिरी होत्या, पांढऱ्या चट्ट्यांच्या झाल्या.
दुसऱ्या नाहीत.
त्याच घालून सेकंड शिफ्टला जातो.