आकसाची पट्टी

यासीन मिस्त्रीच्या पेटीत एक पट्टी आहे,
जिचा फूट फुटाहून सूतभर मोठा.
ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं,
म्हणून सागवानी नमुना आधीच वाढीव कोरायचा.
नव्या पोरांना तो हे एकदाच सांगतो.

उद्यमनगरात तेव्हा ऑइल इंजिनं जन्मायची,
फटफटत पंचगंगेकाठच्या उसात जायची.
मिलच्या भोंग्यावर अख्खी गल्ली जेवायला बसायची.
मग मळ्यांत वीज पोचली.
भोंगाही एका दुपारी वाजला नाही,
आणि पुढं कितीतरी दिवस
ताटं वाढलेली, हात थांबलेले.

लेथवर कुणी मांडवाच्या खुर्च्या रचल्या.
माळ्यावर फ्लायव्हीलचे नमुने,
त्यांच्या आऱ्यांत कबुतरांचा संसार.
यासीन खंडेनवमीला तेवढा यायचा,
बंद यंत्राला झेंडूचा हार घालायचा
आणि कोपऱ्यावर मिसळ खायचा,
कट दोनदा मागून, कुणाशी न बोलता.

यंदा भट्टी पेटली आहे.
कुठल्याशा परदेशी ट्रकचा भाग,
नाव कुणालाच धड घेता येत नाही.
टिपुगड्यांची मयुरा संगणकावर नमुना काढते,
विचारते, "चाचा, आकस किती धरू?"

तो पेटी उघडतो, पट्टी बाहीला पुसतो,
थेट पडद्यालाच लावून बघतो.
"बारीक झालंय गं. मोठंच धर जरा,
गार झाल्यावर हुतंय आपल्याएवढं."

मयुरा हसते, बोटानं चित्र
लहान करते, मोठं करते.
तो पट्टी काढत नाही.