निर्लेखन यादी

मे महिन्याचा तिसरा आठवडा, पारा सेहेचाळीसवर,
आणि वरून पत्र आलं:
दहा वर्षांत जे पुस्तक कुणी नेलं नाही
ते यादीत घ्यावं.
खाली सही, सहीवर शिक्का, शिक्का तिरपा.

मी शिडी लावली.
वरच्या फळीवर धूळ इतकी
की बोटानं नाव लिहिता यावं. लिहिलं नाही.

आधी उतरवला नद्या-जंगलांचा इतिहास.
झाडं कुणी तोडली, गाळ कुठं साचला,
सातशे पानं, मध्ये घडीचा नकाशा.
घडीच्या रेघेवर कागद तुटून
नदीचे दोन तुकडे झालेले.
आपली नाग नदी या खिडकीतून दिसत नाही,
तिचा वास येतो, संध्याकाळी, वारा पडला की.
तिच्यावर एवढं जाड काही लिहायचं तर
आधी कुणीतरी तिला नाला म्हणणं थांबवायला हवं.

शिक्षणशास्त्राच्या पाठीत झुरळांची अंडी.
सरळ यादीत.

वनस्पतिशास्त्र वझलवार सरांनी दिलेलं.
समासात पेन्सिलीची बारीक अक्षरं,
लेखकाशी भांडण, तेही अदबीनं:
‘हे आमच्याकडच्या काळ्या मातीत खरं नाही.’
आत संत्र्याचं एक पान, विडीच्या रंगाचं,
आणि चिठ्ठी:
‘जंभेरीवर डोळा बांधला. काटोल. ११ जानेवारी.’
डोळा फुटला की नाही, ते कुठंच नाही.
मी शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत शोधलं.

चौथं पुस्तक जागेवर नव्हतं.

ते कूलरसमोरच्या टेबलावर होतं,
तिरोड्याच्या टिकेश्वर राहांगडालेच्या डोक्याखाली.
खोलीत पंखा नुसता गरम हवा ढवळतो, म्हणून हा इथं येतो.
तिसरा प्रयत्न. दोनदा पूर्वपरीक्षेतच गेला.
वाळ्याच्या टाटीचं पाणी टपटपतंय,
पुस्तकाचा कोपरा फुगलाय,
आणि हा झोपलेला नाही. वाचतोय, गाल पानावर टेकवून.

‘चीनच्या बादशहाची परीक्षा आहे मॅडम.
कोठडी एवढीशी, पाय लांब होत नाहीत.
दोन फळ्या. एकीवर बसायचं, एकीवर लिहायचं,
रात्री दोन्ही जोडून मुटकुळं.
हा एक जण पाहा, एकोणीस वेळा बसला.
आधी पोराबरोबर, मग नातवाबरोबर.
याचं पुढं काय झालं जी?’

मी तळटीप पाहिली.
तळटिपेत एक आकडा होता,
आकड्यापाशी गेले तर दुसऱ्या पुस्तकाचं नाव,
आणि ते पुस्तक या शहरात नाही.

‘माहीत नाही,’ म्हटलं.
‘पास झाला असंन,’ तो म्हणाला.
मग थोड्या वेळानं, ‘काहून झाला असंन बे,’ स्वतःलाच.

त्याच्या कार्डावर तीन पुस्तकं, तिन्ही चालू घडामोडी.
चौथं मिळत नाही. नियम आहे, माझ्याच अक्षरात भिंतीवर लावलेला.
मी माझं कार्ड काढलं.
तारखेचा शिक्का उमटला
एकोणीस वर्षांपूर्वीच्या शिक्क्याखाली,
जो वझलवार सरांचाच निघाला.
संत्र्याचं पान चिठ्ठीसकट
तो थांबला होता त्या पानात ठेवलं.

त्या दिवशी यादीत एकशे बारा नावं गेली.
नद्याही गेल्या. वनस्पतिशास्त्रसुद्धा.
ट्रकवाल्यानं किलोनं तोलून नेली,
म्हणाला, कागद जुना आहे, पुडा चांगला होतो.

जून संपला. टिकेश्वर गावी गेलाय का निकालाला घाबरून
कुठं बसलाय, कळत नाही. फोन लागत नाही.
पुस्तक परत आलेलं नाही.
माझ्या नावावर दंड चढतोय, रोज एक रुपया.
काल चाळीस झाले.
कूलर बंद केलाय, टाटी काढून ठेवलीय,
तरी त्या टेबलापाशी गेलं की
ओल्या वाळ्याचा वास येतो.