मौखिकी

पाच प्रती, काळं कापडी बाइंडिंग, कण्यावर सोनेरी अक्षरं.
ग्रंथालयाचा ना-देय दाखला. शुल्काची पावती, मूळ.
नोटीस दहा दिवस आधी फलकावर लागली पाहिजे,
आणि ती लागली होती याचा फोटो, तारखेसकट.
पाटकरबाई चष्म्यावरून म्हणाल्या,
‘बाहेरच्या परीक्षकांना बिनसाखरेचा चहा. हे नियमात नाही,
पण विसरलात तर नियमापेक्षा महाग पडतं.’

सात वर्षं मी भांडुपच्या मिठागरांतले शब्द गोळा केले.
तीनशे बारा. प्रत्येकाला क्रमांक, अर्थ,
सांगणाऱ्याचं नाव, वय, तारीख.
सांगणारे आता निम्मे उरलेत,
आगरं त्याहून कमी.
माझी वेणू परिशिष्टांना पानांचे आकडे घालायला शिकली
आणि मग दहावीला बसली.

कालिन्याला दुपारी अडीच वाजता
डॉ. हलगेकर, धारवाडहून आलेले, गळ्यात मफलर.
त्यांना एसी सोसत नाही, म्हणून खिडक्या उघड्या,
आणि दर चार मिनिटांनी एक विमान
एकेक प्रश्न उचलून घेऊन जात होतं.
‘तुमच्या पद्धतीशास्त्राला...’ विमान.
‘...असं का म्हणू नये?’
मी म्हणाले, म्हणता येईल, सर.
काय म्हणता येईल ते मला अजून माहीत नाही.

आजगावकर मॅडम माझ्याकडे पाहत नव्हत्या.
मार्गदर्शकाने मध्ये बोलायचं नसतं.
त्या पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या, काढत होत्या.

मग अध्यक्षांनी ते वाक्य म्हटलं, जे सगळेच म्हणतात,
चहाच्या आधी, खुर्ची सरकवता सरकवता:
मौखिकी खुली आहे, उपस्थितांपैकी कुणाला काही...
उपस्थित म्हणजे एम.ए.ची दोन मुलं, हजेरीसाठी आलेली,
माझा नवरा, सामोशांच्या खोक्यावर हात ठेवून,
आणि मागच्या रांगेत बामीबाई,
शब्द क्रमांक एक्केचाळीस ते एकशे सहा.

त्या उभ्या राहिल्या नाहीत. गुडघे.
बसल्या जागेवरून म्हणाल्या,
‘गो बाय, ती चिरपी तू मीठ म्हनून सांगितलीस.
चिरपी मीठ नाय. पहाटचा कोंडीत पाय परला
का पायाखाली वाजते ना, ती चिरपी.’

विमान नेमकं तेव्हा आलं नाही.

मी पान एकशे त्रेचाळीस उघडलं, उगाच. पाठच होतं.
चिरपी: स्त्रीलिंगी, मिठाचा पहिला पातळ थर.
खाली तारीख. वेळ दुपारी चार.
बांधावर उभं राहून, बूट घालून, मी विचारलं होतं.
त्यांनी खाली बोट दाखवलं.
बोटाखाली जे दिसलं, ते मी लिहिलं.

हलगेकर सरांनी चहाचा कप परत ठेवला,
मफलर सैल केला,
‘अम्मा, आणि वाजलंच नाही तर?’
‘मंग पिकला नाय. परत फिरायचा.’
त्यांनी ते टिपून घेतलं. तासाभरात
त्यांचं पेन पहिल्यांदा चाललं.

मला बाहेर पाठवलं. तशी तरतूद आहे.
बारा मिनिटं मी अग्निशामकावरच्या सूचना वाचल्या.
आत गेले तर सगळे उभे,
कुणीतरी ‘डॉक्टर’ म्हणालं, बहुतेक नवराच.
किरकोळ दुरुस्तीसह, तीस दिवसांत.

हजेरीपत्रकावर सगळ्यांच्या सह्या लागतात.
बामीबाईंनी सही केली, एकेक अक्षराला दम घेत.
सरांची टॅक्सी खाली थांबली होती. थांबू दे.
‘संस्था’ या रकान्यापाशी त्यांनी वर पाहिलं.
पाटकरबाई म्हणाल्या, रिकामं ठेवलं तर वरून परत येतं,
आणि स्वतःच लिहिलं, ठसठशीत:
आगर, भांडुप पूर्व.

शुद्धिपत्र मी रात्री ओट्याशी उभं राहून टाइप केलं.
पृष्ठ १४३, ओळ ९: ‘मिठाचा थर’च्या जागी
‘मिठाचा आवाज’ असे वाचावे.
सकाळी पाटकरबाईंचा निरोप:
पाचही प्रतींत चिकटवा, डिंकानं.
टाचणी लावू नका. गंजते.