नळ सुटण्याची वेळ

उदगीरच्या दवाखान्याबाहेर, इकोचा कागद उलटासुलटा करून
अप्पा विचारतात, "तीस टक्के म्हणजे पास का नापास?"

एकतीस वर्षं ते नगरपालिकेत वॉलमन होते.
पहाटे साडेतीनला खांद्यावर लोखंडी चावी,
वेशीजवळचा वॉल अकरा आटे, चौबाऱ्याचा साडेसात.
आठव्या दिवशी नळ. बायका त्यांना नावानं नाही,
वारानं ओळखायच्या :
"आला का गं गुरुवार?"

मी औरंगाबादला एका अंधाऱ्या खोलीत चार वर्षं
उंदराच्या हृदयाची एकेक पेशी बघितली,
तिला चमकणारा हिरवा रंग पाजून.
ठिणग्या उडतात तिच्यात, अप्पा. कॅल्शियमच्या.
"कॅल्शियम म्हणजे चुन्यातलंच की."
चुन्यातलंच. तुमच्या डबीतलं.
बोअरच्या पाण्यानं हंड्याच्या बुडाला धरतं, तेच.
"मग ते काळजात काय करायलंय?"

सुटायलंय.

आधी वीज जाते पेशीच्या अंगावरून.
बारीक दारं उघडतात,
बाहेरचं थोडं कॅल्शियम आत येतं, थोडंच,
एवढ्यानं ठोका पडत नाही.
पण ते जाऊन बसतं आतल्या टाकीच्या वॉलवर
आणि टाकी सुटते.

अप्पा हात वर करतात. थांब.
"म्हणजे पाणीच चावी?"
हो.
"पाणी येऊन पाण्याला सोडतंय?"
हो अप्पा.
"असला वॉल मी बघितलो नाही."
आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाला सांगतात,
ओळख ना पाळख, "ऐकलाव का? पाणीच चावी."

मग धाग्यांचं सांगते. एका धाग्यावर कडी असते लावलेली,
कॅल्शियम ती सरकवतं,
दुसऱ्या धाग्याला हात फुटलेले,
ते धरतात, ओढतात, सोडतात, पुढचं धरतात.
अशा कोट्यवधी हातांचा मिळून
एक ठोका.

"आणि सुटलेलं पाणी?"
माझ्या तोंडी परीक्षेतही
हा प्रश्न इतक्या लवकर आला नव्हता.
परत चढवायचं, अप्पा. पंप असतात.
बरंचसं टाकीत, थोडं बाहेर, जिथून आलं तिथं.
नाही चढलं तर हृदय सैल पडत नाही.
सैल नाही पडलं तर रक्त भरत नाही.
"सोडायला फुकट, चढवायला मोटर.
बिल तिथंच येतंय."
बिल ओढण्याचंही येतं, पण मी खोडत नाही.

तुमची पेशी मी बघितलेली नाही.
इकोच्या कागदावर एवढं आतलं उमटत नाही.
पण असल्या हृदयात बहुधा वॉल गळतात,
दोन ठोक्यांच्या मधे, गप्प राहायच्या वेळी, थेंब थेंब.
पंपही दमलेले.
मग टाकी अर्धीच. वीज येते, चावी फिरते,
धार लागत नाही.

अप्पा बराच वेळ काही बोलत नाहीत.
चहा येतो. बिनसाखरेचा. तो निवतो.
मग म्हणतात, कुरेशी गल्लीचा वॉल दोन वर्षं गळायचा.
ग्लँडला सुतळी भरली, सायकलची ट्यूब आवळली,
अर्ज दिले चार.
शेवटचं घर सुगराबीचं.
ती भांडायला कधी आली नाही,
घागर पालथी घालून ठेवायची उंबऱ्यावर,
मला दिसेल अशी.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्यात. अर्धी सकाळी, अर्धी रात्री,
मीठ कमी. अप्पांनी त्यांनाही विचारलं,
"किती आटे?"
डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं.

रात्री ते पाय लांब करून बसतात.
"शेवटच्या घरापर्यंत जायलंय का बघ."
मी घोट्यावर अंगठा दाबते, उचलते.
खड्डा पडलेला.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत
तो भरायची वाट बघते. अप्पाही बघतात,
ओठ हलतायत त्यांचे,
आटे मोजतायत का सेकंद, विचारत नाही.